मोठी आयचा धवला आणि माझी केबलची पिशवी

मी एका कंप्युटरच्या कंपनीत नोकरीला आहे, आणि कंप्युटरमधलं मला काही कळत नाही.

यात वावगं काही नाही. कंपनीत कंप्युटर जाणणारी माणसं लागतात, तशी त्या माणसांना आणायला-न्यायला बस लागते, चहा लागतो, डबे लागतात, आणि एसी बंद पडला की ओरडा खायलाही कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. ऑफिसात हे सगळ्यांना माहीत आहे. फक्त माझ्या सासुरवाडीला, उलव्याला, माहीत नव्हतं. लग्न जमवणाऱ्याने "मुलगा कंप्युटरच्या कंपनीत आहे" एवढंच सांगितलं होतं. सासऱ्यांनी समाधानाने मान डोलावली आणि मी गप्प बसलो. तेव्हा जो गप्प बसलो तो अठरा वर्षं.

या अठरा वर्षांत उलव्याच्या घरात वायर असलेली कुठलीही वस्तू रुसली, की मला बोलावणं येई. मी सानपाड्याहून स्कूटर काढायचो, गंभीर चेहऱ्याने ती वस्तू बंद करायचो, मनात दहा अंक मोजायचो आणि पुन्हा चालू करायचो. दहातल्या आठ वेळा ती चालू व्हायची. (उरलेल्या दोन वेळा मी "हिचा बोर्ड गेलाय" असं सांगायचो. बोर्ड म्हणजे काय ते मला आजही माहीत नाही, पण त्यावर कुणी उलट प्रश्न विचारत नाही.) खरं काय ते माझ्या बायकोला, मनीषाला, ठाऊक होतं. पण माहेरी नवऱ्याचं कौतुक होत असेल तर मध्ये बोलू नये, इतका व्यवहार तिला कळतो.

आता मोठी आयबद्दल सांगायला हवं. मोठी आय म्हणजे मनीषाची आजी. ती धवलारीण होती. आगरी लग्नात भटजी असतातच, पण मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, धवला. तो गाणारी बाई नसेल तर बायकांच्या लेखी लग्न लागलेलंच नसतं. मोठी आयने आसपासच्या गावांतली निम्मी लग्नं आपल्या गळ्यावर लावली होती. तिच्या शेजारी बसून मागची ओळ उचलायची ती तिची धाकटी बहीण, बारकी आय. मोठी आय गेल्या वर्षी गेली. त्यानंतर बारकी आयने गाणं सोडलं. एकटीचा आवाज फुटत नाही, असं ती म्हणायची.

आणि मग माझे मेहुणे हरेशदादा यांच्या मुलाचं, साहिलचं, लग्न ठरलं. मोठी आयविना घरातलं हे पहिलंच लग्न.

आयुष्यात मी एक काम बरं केलं होतं. पाच वर्षांपूर्वी एका दुपारी मोठी आयला ओटीवर बसवून मी तिचे धवले फोनवर रेकॉर्ड केले होते. चांगली चाळीस मिनिटं. तो फोन पुढे मेला, पण त्याआधी ऑफिसातल्या एकाने तो व्हिडिओ माझ्या लॅपटॉपवर टाकून दिला होता. सासूबाईंना हे आठवलं. त्यांनी फोन करून विचारलं, की हळदीला बायका जमतील तेव्हा मोठ्या टीव्हीवर आयला दाखवता येईल का. 

मी म्हणालो, "माझ्यावर सोडा."

मनीषा स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिने एवढंच विचारलं, "लावणार कसा?"

मी तिला सांगितलं, की लॅपटॉप इकडे, टीव्ही तिकडे, मध्ये एक केबल. तिने सुचवलं, की आधी आपल्या घरी एकदा लावून बघावं. मी हसलो. त्यात बघायचं काय? आपल्याकडे केबलची पिशवी आहे.

ही पिशवी म्हणजे माझ्या संसाराची खरी मिळकत. मला केबल टाकवत नाही. फोन जातात, प्रिंटर जातात, त्यांच्या केबली माझ्याकडे राहतात. माळ्यावरची ती कापडी पिशवी मी न उघडताच स्कूटरला अडकवली, आणि हळदीच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही उलव्याला पोहोचलो.

घरासमोर मांडव पडला होता. हॉलमधला टीव्ही खाली आणून टेबलावर ठेवला होता. टीव्ही भला मोठा, पण जुना. टीव्ही हुशार व्हायला लागले त्याच्या थोडा आधीचा. हरेशदादांनी माझ्यासाठी चटई अंथरली. मी पिशवी उपडी केली आणि चटईवर काळ्या-करड्या वायरींचा एक गुंता पडला. भोवती सात-आठ पाहुणे जमले. मी एकेक वायर उचलून सांगू लागलो. चौकोनी तोंडाची ती प्रिंटरची. पारदर्शक तोंड आणि वर चिमटा असलेली ती इंटरनेटची. लाल-पांढरी-पिवळी तीन शेपटं असलेली ती जुन्या सीडी प्लेअरची. जिचं नाव आठवेना तिला मी "डेटा केबल" म्हणालो. चटईवर डेटा केबली बऱ्याच झाल्या.

मांडवाच्या कोपऱ्यात साऊंडवाला विलास स्पीकर मांडत होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या दोन वायरी टीव्हीच्या टेबलाखालून गेल्या होत्या. मी त्याला त्या उचलायला सांगितल्या. तुमचं साऊंडचं काम आहे, हे डिजिटल आहे, असंही वर सांगितलं. (हे वाक्य आठवलं की मी आजही एकटा असताना डोळे मिटून घेतो.) विलासने वायरी उचलल्या.

टीव्हीच्या पाठीमागे निळ्या रंगाचं एक भोक होतं, पंधरा बारीक छिद्रांचं. माझ्या गुंत्यातही निळ्या तोंडाची एक जाडजूड केबल होती, पंधरा बारीक पिनांची. रंग जुळला, मोजदाद जुळली. तिच्या दोन्ही बाजूंना स्क्रू होते. ते मी टीव्हीमागे वाकून इतके आवळले, की तो टीव्ही गल्लीतून फरफटत नेला असता तरी केबल सुटली नसती. यात दहा मिनिटं गेली. मग दुसरं टोक हातात घेऊन मी लॅपटॉपकडे वळलो.

माझा लॅपटॉप नवीन होता. पातळ. कंपनीने दिला तेव्हा तो किती पातळ आहे हे मी सगळ्यांना दाखवलं होतं. आता कळलं, की इतकं पातळ होण्यासाठी त्याने काय काय टाकून दिलं होतं. त्याच्या अंगावर मोजून तीन भोकं होती. दोन चपटी, लांबोळी, भाताच्या दाण्याएवढी, आणि एक गोल, इअरफोनचं. निळं जाडजूड टोक त्याच्याशेजारी धरलं, तर बैलगाडी तिजोरीच्या किल्लीच्या भोकातून न्यायची तयारी चालल्यासारखं दिसलं.

केबलला दोन टोकं असतात, हे मला त्या दिवशी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी नेहमी एकच टोक बघत आलो होतो.

हरेशदादांनी काय झालं म्हणून विचारलं. मी म्हणालो, ही जुनी पद्धत, हिच्यात आवाज जात नाही. हे मी घाबरून ठोकून दिलं होतं. पुढे कळलं की ते खरं आहे. दिवसभरात माझ्या तोंडून निघालेलं ते एकमेव बरोबर वाक्य.

मग दुसरी केबल. हिचं तोंड चपटं, दोन्ही खालचे कोपरे तिरपे. टीव्हीच्या मागे तसंच भोक होतं, त्यावर एचडीएमआय लिहिलं होतं. बरोबर बसली. या वेळी मी शहाणा झालो होतो, लगेच दुसरं टोक बघितलं. तेही चपटं, तेवढंच रुंद. दाण्याएवढ्या भोकात तेही जाणार नव्हतं.

एव्हाना चार वाजत आले होते. बायका जमू लागल्या होत्या. बारकी आय काठी टेकत आली आणि टीव्हीच्या अगदी समोर, पहिल्या खुर्चीत बसली. तिने डोळ्यांवरचा चष्मा पदराने पुसला आणि काळ्या पडद्याकडे बघत राहिली. मी पुन्हा चटईवरच्या गुंत्यात हात घातला.

मनीषाने बाजूला येऊन हळूच विचारलं, की व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन तो टीव्हीला लावता येणार नाही का. मला पेनड्राइव्ह मिळाला. तो टीव्हीत जात होता, लॅपटॉपमध्ये जात नव्हता. तिने मग फोनवर पाठवायला सांगितलं. मी म्हणालो, क्वालिटी जाईल. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तुझी की व्हिडिओची?"

मी स्कूटर काढली आणि थेट सीवूड्स गाठलं. स्टेशनजवळ एक दुकान आहे, मोबाइलच्या कव्हरांनी भरलेलं. मी लॅपटॉपचं छोटं भोक दाखवलं, टीव्हीचं मोठं भोक बोटांनी हवेत काढून दाखवलं, आणि या दोघांची गाठ घालून द्या म्हणालो. दुकानदाराला लगेच कळलं. त्याने विचारलं, "एचडीएमआय साइडला मेल पाहिजे की फिमेल?"

दुकानात माझ्या मागे दोन कॉलेजच्या मुली उभ्या होत्या. मला उगाच कानकोंडं झालं. हा प्रश्न तपशिलात समजून घ्यावा असं मला त्यांच्यासमोर वाटेना. जे पहिलं सुचलं ते बोललो आणि त्याने दिलेलं पाकीट खिशात टाकून निघालो. मी "फिमेल" म्हणालो होतो. म्हणजे काय, तर लॅपटॉपच्या बाजूने बरोबर, पण टीव्हीच्या बाजूला भोक. आणि टीव्हीलाही भोकच. दोन भोकं समोरासमोर, जोडणार काय?

हे मला उलव्याला, मांडवात, साहिलला हळद लागायला सुरुवात झालेली असताना, साठ-सत्तर बायकांसमोर कळलं. तरी मी डगमगलो नाही. मघाची चपटी केबल होती की. तिचं एक टोक या नव्या भोकात गेलं, अगदी झोकात. लॅपटॉपने टुंग केलं. मांडवात हालचाल झाली, कुणीतरी पंखा बंद करायला सांगितला. आता फक्त दुसरं टोक टीव्हीत घालायचं होतं.

मी पुन्हा टीव्हीच्या मागे शिरलो. टोक जाईना. फिरवून पाहिलं, जाईना. बाहेर काढून उजेडात धरलं. पहिल्या टोकाचे दोन्ही कोपरे तिरपे होते. याचा एकच कोपरा तिरपा होता, दुसरा सरळ. शहाण्या माणसाने इथे ओळखलं असतं, की ही दोन वेगळ्या जातींची टोकं आहेत. (दुसऱ्याला डिस्प्लेपोर्ट म्हणतात. ते दुरुस्तीवाल्याने मला नंतर, फार सौम्यपणे, सांगितलं.) मला वाटलं, पिशवीत पडून पडून एक कोपरा घासला गेला असेल. म्हणून मी जोर लावला.

टोक अर्धं आत गेलं आणि टीव्हीच्या पोटात काहीतरी कडकन वाजलं. समोर बारकी आयने विचारलं, "चालू झाला काय रं?"

मी टोक मागे ओढलं. आता ते बाहेरही येईना. पाय रोवून ओढलं तेव्हा निघालं, आणि टीव्हीच्या त्या भोकातलं पातळ पत्र्याचं जिभाळंही सोबत घेऊन निघालं. त्या टीव्हीला तसलं भोक एवढं एकच होतं. मी ते जिभाळं तळहातावर घेऊन टीव्हीच्या मागेच बसून राहिलो. पुढे यावंसं वाटेना. अठरा वर्षांत पहिल्यांदा खरोखर "बोर्ड गेलाय" म्हणण्याची संधी होती. पण ते म्हणवेना, कारण समोरून बारकी आयचा चष्मा दिसत होता.

सासूबाई पाठीमागून आल्या. त्यांनी माझा हात बघितला, टीव्ही बघितला. मग पदराने माझ्या कपाळावरचा घाम टिपला. त्याने मला आणखीच मेल्यासारखं झालं. मी त्यांना हळू आवाजात सांगून टाकलं, की आई, मला यातलं काही येत नाही. त्या म्हणाल्या, "आयचा त्वांड नाय दिसला तरी चालंल. आवाज ऱ्हायला ना?"

आवाज. गेले दोन तास मी चित्रामागे धावत होतो, आणि धवला ही ऐकायची गोष्ट आहे, हे मला सुचलंच नव्हतं.

मी उठलो आणि विलासकडे गेलो. मघाच्या माझ्या वाक्यानंतर त्याच्यासमोर उभं राहणं सोपं नव्हतं. मी लॅपटॉप त्याच्यापुढे धरला आणि म्हणालो, "यातला आवाज तुमच्या स्पीकरवर येईल का?"

विलासने लॅपटॉप हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवला, कोंबडी घेण्याआधी बघतात तसा. त्याला इअरफोनचं गोल भोक दिसलं. त्याने आपल्या पेटीतून एक वायर काढली. एका बाजूला इअरफोनसारखी बारीक काडी, दुसऱ्या बाजूला लाल-पांढरी दोन शेपटं. काडी लॅपटॉपमध्ये, शेपटं त्याच्या मिक्सरमध्ये. मी मनात मोजत होतो. तीनवर होतो तेव्हा त्याचं काम झालं होतं. "दाबा," तो म्हणाला. एवढा एकच शब्द.

मी दाबलं.

आठ स्पीकरमधून आधी कोंबड्याचं आरवणं आलं, मग पातेलं ठेवल्याचा आवाज, आणि मग मोठी आय. गाणं नाही, बोलणं. त्या दुपारी रेकॉर्डिंग सुरू करून मी पाणी आणायला आत गेलो होतो, तेवढ्यात ती कुणाशी तरी गप्पा मारत होती, आणि तो भाग मी कधी ऐकलाच नव्हता. गावभर ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "ह्यो जावय लय गुनाचा. कंपुटरमधला त्याला काय बी कलत नाय, चाय-पान्याचा बघतं तिकरं. पन आपून बोलायचा नाय. पोरगी सुखात हाय ना, बस."

 पहिल्या रांगेत कुणीतरी फुसकन हसलं, आणि ते हसू मागपर्यंत पसरत गेलं. बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. हरेशदादा खांबाला धरून वाकले होते. साहिल हळद लागलेल्या अंगाने हसत होता आणि त्याच्या गालावरची हळद तडकत होती. मनीषाने तोंडाला पदर लावला होता, खांदे मात्र उघडपणे हलत होते. मी लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला, तर विलासने माझं मनगट धरलं आणि मान हलवली.

बरं झालं त्याने धरलं. कारण पुढच्याच क्षणी मोठी आयने घसा साफ केला आणि धवला सुरू केला.

हसणं कसं थांबलं ते कळलं नाही. तिचा तो जाड, थोडा नाकातला आवाज मांडवभर भरला. पहिली ओळ संपली. रेकॉर्डिंगमध्ये तिच्यामागे क्षणभर शांतता होती, कारण त्या दुपारी बारकी आय तिथे नव्हती. ती रिकामी जागा आली आणि खुर्चीत बसलेल्या बारकी आयने मान वर न करता मागची ओळ उचलली. आवाज कापरा होता, पण ओळ चुकली नाही. दुसऱ्या कडव्याला सासूबाई तिच्यात मिसळल्या. तिसऱ्याला सगळा मांडव. मोठी आय पुढे, बाकीच्या मागे, चाळीस मिनिटं. काळ्या टीव्हीकडे बघत सगळ्या गात होत्या, आणि कुणालाच तो बंद आहे याची अडचण वाटत नव्हती. मी विलासच्या पेटीवर बसून नाक पुसत होतो. त्याने विचारलं तर धुरामुळे म्हणून सांगितलं. धूर नव्हता. त्याने स्वतःचा रुमाल दिला.

गाणं संपल्यावर मी हरेशदादांना टीव्हीचं जिभाळं दाखवलं आणि माफी मागितली. ते म्हणाले, टीव्ही राहू दे, पण इतकी वर्षं आमच्या फ्रिजचा बोर्ड गेलाय म्हणून सांगत होतात, त्याचं काय? मी म्हणालो, त्याचं मला माहीत नाही. त्यांनी मला मिठी मारली आणि माझ्या शर्टाला त्यांच्या अंगावरची सगळी हळद लागली. बारकी आय निघताना माझ्यापाशी थांबली. उद्या लग्नातही आपणच गाणार, असं तिने मला सांगितलं, जणू परवानगी मागत होती.

महिन्याभराने लग्नाचा अल्बम आला. जाडजूड, मखमली पुठ्ठ्याचा. हळदीचे फोटो तर काय सुंदर आले आहेत! साहिल पिवळाजर्द, बायका नटलेल्या, बारकी आय चष्म्यातून बघते आहे. फोटोग्राफरने टीव्ही मध्यभागी धरून मांडव टिपला होता, आणि त्याने फोटो काढले होते नेमके मी टीव्हीमागे असताना. त्यामुळे हळदीच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत, टीव्हीच्या एका कडेने, कमरेत वाकलेल्या एका माणसाचा निळ्या पँटमधला मागचा भाग बाहेर आलेला आहे. नवरदेवापेक्षा तो जास्त फोटोंत आहे. तोंड मात्र एकाही फोटोत नाही.

उलव्याला कुणी पाहुणा आला, की सासूबाई अल्बम काढतात. पानं उलटता उलटता पाहुणा त्या निळ्या पँटवर थबकतो. मग सासूबाई तिच्यावर बोट ठेवतात आणि खऱ्याखुऱ्या कौतुकाने सांगतात, "ह्ये आमचे जावय."